बिनगिअरची गाडी आणि जयंतीचा मान

नार्नूर,
जयंतीनंतरचा पहिला रविवार

आदरणीय संघपालदादा यांसी,
आपल्या घरच्या धाकट्या जावयाचा, म्हणजे नागनाथचा, मनापासून जय भीम.

आपण, वहिनी आणि नातवंडं किनवटला सुखरूप असाल, निदान पंख्याखाली असाल, अशी आशा करतो. वहिनींची बीपीची गोळी वेळेवर सुरू आहे ना? आणि तुमच्या डाव्या कानाचं काय झालं? (एष्टीच्या इंजिनाशेजारी सगळी नोकरी काढली, त्यात उजवा कान शिल्लक राहिला हेच खूप म्हणायचं.) आमच्याकडे सर्व ठीक. उन्हानं जीव नकोसा केला आहे, बोअरचं पाणी खाली गेलं आहे, पण माझं जेवण, झोप आणि शुगर तिन्ही कायद्यात आहेत. फक्त डाव्या पायानं थोडी बंडाळी केली. त्याचीच हकीकत सविस्तर कळवायची आहे.

फोन काऊन नाही केला, असं तुम्ही विचाराल. दादा, आमचं क्वार्टर दोन खोल्यांचं. मी फोनवर एक वाक्य बोललो की तुमची बहीण पंचफुला स्वयंपाकघरातून त्याची दुरुस्ती पाठवते. जन्माची मास्तरीण, चूक दिसली की तिच्यानं राहवत नाही. आज ती शाळेतल्या शीतल मॅडमसोबत बाजाराला गेली आहे, तेवढ्यात आतून कडी घालून लिहायला बसलो. तहसीलच्या मिसलीत कागद लावतो तसं सगळं क्रमानं लावून सांगतो, म्हणजे शेवटी तुम्हाला निकाल देणं सोपं जाईल.

मुद्दा गाडीचा. आपली प्रगती हैदराबादेत नोकरीला लागली तेव्हापासून तिचा तगादा, की बाबा, मोटरसायकलवर उटनूरचा घाट चढणं पुरे झालं, आता चारचाकी घ्या. चारचाकीवर घरात दुमत नव्हतं. दुमत झालं ते गिअरवर. माझं म्हणणं साधं, की गाडी म्हणजे गिअर. पंचफुला म्हणे, बिनगिअरची घेऊ, ऑटोमॅटिक. प्रगती फोनवरून आईच्या बाजूनं. (या घरात मतदान झालं की निकाल मला आधीच ठाऊक असतो, तरी मी उभा राहतो.)

आता तुम्ही एष्टीचे ड्रायव्हर, तुमच्यापुढे मी गिअरची थोरवी काय सांगावी. पण माझी बाजू लेखी असलेली बरी. मी शिकलो तहसीलच्या जुन्या जीपवर. तिचा दुसरा गिअर नुसत्या हातानं पडतच नसे. आधी दांडा वर उचलायचा, मग गुडघ्यानं रेटायचा, आणि त्याच वेळी तोंडानं एक शब्द म्हणायचा, जो वडीलधाऱ्यांच्या पत्रात लिहीत नाहीत. एवढं केल्यावर जी गाडी पुढे जाते, ती माणसानं चालवली असं म्हणता येतं. ऑटोमॅटिकचं काय? ब्रेकवरचा पाय उचलला की ती आपली आपण चालू लागते. मालकाला विचारायची पद्धतच नाही. डाव्या हाताला काम नाही, डाव्या पायाला काम नाही, म्हणजे अर्धं अंग रजेवर आणि पगार मात्र पुरा. असं आमच्या ऑफिसातसुद्धा सगळ्यांना जमत नाही.

हे सगळं मी घरात बोलायचो. पण दादा, तुमच्यापासून काय लपवायचं. माझा जीव खरा अडकला होता तो जयंतीच्या मानात. नार्नूरच्या मिरवणुकीत बाबासाहेबांच्या तसबिरीची गाडी कोण चालवतो? नागनाथ. इथं बदलून आलो त्या वर्षापासून. मला दुसरं काही येत नाही. भाषणाला उभा राहिलो तर घसा बसतो, गाणं म्हटलं तर लोक उठतात, वर्गणी मागायला गेलो तर समोरचा मलाच चहा पाजून वाटेला लावतो. पण पांढरा शर्ट घालून, निळा फेटा बांधून मी स्टिअरिंगवर बसलो की सगळं गाव माझ्या मागे चालतं. विहारातल्या म्हाताऱ्या माझं नाव विसरतात, पण 'तसबिरीच्या गाडीवाला' म्हटलं की बरोबर आमचं दार दाखवतात. घरात ऑटोमॅटिक आली, आणि ती मला चालवता येत नाही हे गावाला कळलं, तर हा मान गेला म्हणून समजा. ही भीती मी घरात बोललो नाही. घरात मी क्लचचे फायदे सांगत राहिलो.

चालवता येणार नाही असं काऊन वाटलं, तेही सांगतो. शीतल मॅडम म्हणजे पंचफुलाच्या शाळेतल्या दुसऱ्या मास्तरीण. त्यांनी मागच्या साली ऑटोमॅटिक घेतली, आणि सुटीच्या दिवशी शाळेच्या ग्राउंडवर तुमची बहीण तिच्यावर हात साफ करू लागली. चौथीच्या पोरांना भागाकार शिकवणारी बाई. डी म्हणजे पुढे आणि आर म्हणजे मागे, हे कळायला तिला कितीसा वेळ लागणार? लायसनच्या टेस्टला पहिल्याच खेपेला पास झाली. (मी माझ्या वेळी दुसऱ्या खेपेला झालो होतो. पण तेव्हाचा इन्स्पेक्टर कडक होता, हेही लक्षात घ्यावं.)

तर शाळेच्या स्नेहसंमेलनाला आम्ही त्या गाडीतून निघालो. मागच्या सीटवर शीतल मॅडम, त्यांच्या मांडीवर पोरांच्या जेवणासाठी वरणाचं मोठं पातेलं. मी म्हणालो, आणा चावी इकडे, बायकांनी एवढ्या वजनाचं सामान घेऊन गाडी चालवू नये. पंचफुलानं निमूट चावी दिली. तिथंच मला संशय यायला हवा होता. गाडी निघाली, वेग आला, आणि माझ्या डाव्या पायानं सवयीप्रमाणे गिअर बदलायला क्लच दाबला. आता या गाडीत क्लच नाही. तिथं जवळात जवळ जे पायाला सापडतं तो ब्रेक. पाय आमचा सरकारी जीपवर तयार झालेला, त्याला हळू दाबणं माहीत नाही. गाडी जागच्या जागी थांबली. वरण थांबलं नाही. ते मागच्या सीटवरून निघालं ते माझ्या मानेवर पोचलं. निवलं होतं म्हणून आज हे पत्र लिहितो आहे.

शीतल मॅडम भल्या घरच्या, नुसतं रिकामं पातेलं घट्ट धरून बसल्या. पंचफुला म्हणाली, "तुमी क्लच शोधून राह्यले. त्या पायाले काम नाही इथं. मांडी घालून ठेवा." मग उरलेला रस्ता मी डाव्या पायाची अर्धी मांडी घालून, पंगतीला बसल्यासारखा गाडी चालवत गेलो. तरी शाळेच्या फाटकापाशी मांडी सुटली आणि पुन्हा तेच. या वेळी पातेलं रिकामं होतं, एवढंच.

त्या दिवसापासून मी गिअरच्या बाजूनं आणखी जोरात बोलू लागलो. चहाच्या टपरीवर दहा माणसांपुढे सांगितलं, की ऑटोमॅटिक ही गाडीच नव्हे, तो झोपाळा आहे. गोष्ट पंचफुलाच्या कानावर गेली. ती म्हणाली, "ठीक हाय. जयंतीले तुमी गिअरच्या गाडीवर तसबीर चौकापर्यंत नेली, तर आपण गिअरचीच घेऊ. मी एक शब्द बोलणार नाही." मी लगेच हो म्हटलं. इतकी वर्षं नेतच आलो होतो, त्यात हरण्यासारखं काही दिसत नव्हतं.

दिसलं नाही ते असं, की इतकी वर्षं मी नेत होतो ती कमिटीची जुनी उघडी जीप. तिचा क्लच आधीच इतका झिजलेला, की ती धड चालतही नसे, धड थांबतही नसे. मिरवणुकीला तिच्याइतकी लायक गाडी दुसरी नाही. ती बिचारी मागच्या पोळ्याच्या सुमारास भंगारात गेली. म्हणून मी आमच्या ऑफिसातल्या राजकुमारची गाडी मागून आणली. पांढरी, गिअरची, नवीकोरी म्हणावी अशी. टपावर लाकडी चौकट बांधली, चौकटीत तसबीर, हार, चारी बाजूंनी निळे झेंडे. डोमाजीकाका, म्हणजे आमच्या जयंती कमिटीचे अध्यक्ष, स्वतः दोऱ्या ओढून पाहून म्हणाले, "नागनाथ, झटका देऊ नको बाप्पा. हार हालला नाही पाह्यजे." मी म्हणालो, काका, हार काय, हारातलं फूल हलणार नाही.

दादा, एष्टीत तुम्ही घाट पाहिले, पूर पाहिले, यात्रा पाहिल्या. पण नार्नूरच्या जयंतीची चाल पाहिली नाही. पुढे लेझीमच्या पोरी. त्या चार पावलं पुढे येतात आणि दोन मागे जातात. मागे डीजे. मध्ये गाडी, तिनं ना पुढे धावायचं, ना मागे राहायचं. विहारापासून चौकापर्यंत चालत गेलो तर अर्धी विडी ओढून होते. मिरवणुकीला दुपार लागते, आणि बाजारापासून पुढे चढण. म्हणजे सगळा वेळ क्लच अर्धा दाबून धरायचा. पुरा दाबला तर गाडी मागे डीजेवर जाते, सोडला तर पुढे लेझीमवर. बाजारापर्यंत मी सहज नेली. किराणा दुकानापाशी पोटरी भरून आली. पिठाच्या गिरणीपाशी मांडी थरथरू लागली. तिथं पोट्ट्यांनी डीजेवाल्याकडून एकच गाणं पुन्हा लावून घेतलं आणि सगळी मिरवणूक जागच्या जागी नाचू लागली. वर चढण, खाली मी, मध्ये माझा डावा पाय.

मग वास आला. मला वाटलं कोणाच्या घरी भाकर करपली. मग बॉनेटच्या बाजूनं धूर निघाला. बयनाबाई म्हणून एक फार जुनी म्हातारी आहे, तिला वाटलं कमिटीनं यंदा धूपाची नवी सोय केली. तिनं हात जोडले. तिचं पाहून आणखी पाचपंचवीस जणींनी हात जोडले. धुरापुढे एवढी श्रद्धा पाहून मलाही क्षणभर धीर आला. पण तेवढ्यात पोटरीत असा गोळा आला की पाय क्लचवरून उडाला, गाडीनं एक गचका खाल्ला आणि बंद पडली. वर तसबीर कलली. हार हालला. लेझीमच्या पोरी थांबल्या. डीजेवाल्यानंसुद्धा आवाज बारीक केला, यावरून काय ते समजा.

पुन्हा चालू केली तर इंजिन ओरडतं आणि चाक फिरत नाही. बाजूलाच गॅरेजवाला उभा होता. बॉनेट न उघडताच म्हणाला, "साब, क्लच तो खलास हुआ." पोट्टे धक्का मारायला धावले. चढणीवर धक्का म्हणजे झटका, डोमाजीकाका दोन्ही हात पसरून आडवे आले, "हात लावू नका रे, बाबासाहेब हायत वर." खरंच, ती वेळ अशी होती की मला राजकुमारच्या सीटखाली शिरावंसं वाटलं. मिरवणुकीच्या शेवटी पाण्याचे कॅन घेऊन शीतल मॅडमची गाडी येत होती. ती कोणीतरी मागच्या गल्लीतून पुढे आणवली. आमच्या माणसांनी चौकट जपून उचलली, या टपावरून त्या टपावर घेतली, दोऱ्या पुन्हा बांधल्या. मग डोमाजीकाकांनी चावी माझ्या हातात दिली. म्हणाले, "बस नागनाथ. मान तुयाच हाय."

दादा, त्या वेळी मनात काय आलं ते सांगतो. मनात आलं, बसावं. पायाची मांडी घालावी आणि बसावं. सगळे माझ्याकडे पाहत होते आणि चौक तिथून दिसत होता. पण टपावर तसबीर होती, समोर लेझीमच्या पोरी होत्या, कोणाची तिसरीतली, कोणाची पाचवीतली. आणि माझा डावा पाय माझं ऐकत नाही, हे मला ठाऊक होतं. मी चावी गाडीपाशी आलेल्या पंचफुलाच्या हातात दिली. म्हणालो, माझा पाय दुखून राह्यला, तू ने. पाय दुखत होता हे खरंच होतं. तिनं माझ्याकडे एकदा नीट पाहिलं. एक दुरुस्तीसुद्धा सुचवली नाही.

आणि काय नेली तिनं, वा. ब्रेकवरचा पाय जरासा उचलायची, गाडी पोरींच्या पावलानं पुढे सरकायची. टेकवला की उभी. चढण आहे हे त्या गाडीला कोणी सांगितलंच नव्हतं. हार हालला नाही. जो 'झोपाळा' मी दहा माणसांपुढे म्हटला होता, तो मिरवणुकीसाठीच बनवलेला निघाला. विहारातल्या बायकांना जेव्हा कळलं की आत आपली मास्तरीण आहे, तेव्हा त्या गाडीच्या दोन्ही बाजूंनी अशा चालू लागल्या, जणू सगळ्या मिळून चालवत आहेत.

मी गिरणीच्या ओट्यावर बसलो. समोरच्या हॉटेलवाल्यानं थंडगार मज्जिगा दिला (इकडे तेलंगणात ताकाला मज्जिगा म्हणतात, पण पोटात गेल्यावर ताकच होतो). पोटरी चोळत समोर पाहतो तो काय. दादा, इतकी वर्षं मी मिरवणुकीच्या पुढे होतो, पण मिरवणूक पाहिलीच नव्हती. मी पाहिलं होतं ते बॉनेट, आणि आरशातलं डीजेवाल्याचं पोट. आज पहिल्यांदा पाहिलं, की आमच्या गावात एवढी माणसं आहेत. बयनाबाई निळी फीत वेणीला बांधून आली होती. पोस्टमन लेकीला खांद्यावर घेऊन नाचत होता. डोमाजीकाका, जे वर्षभर मीटिंगमध्ये कपाळाला आठ्या घालून बसतात, ते डोळे मिटून, दोन्ही हात वर करून असे नाचत होते की त्यांचा चष्मा कोण्या पोट्ट्यानं सांभाळला होता. मला पाहून त्यांनी डोळे उघडले आणि नुसतं बोटानं बोलावलं.

पुढचं काय लिहू. मी नाचलो. वयाला शोभत नाही इतका नाचलो. मला नाचता येतं हे मलाच माहीत नव्हतं. फेटा सुटला, निळ्या गुलालानं शर्ट निळा झाला, कोणीतरी उचलून घेतलं, कोणीतरी खाली ठेवलं. चौक आला तेव्हा पंचफुला गाडीतून उतरली, माझ्याकडे पाहून हसली आणि म्हणाली, "पाय लय दुखून राह्यला वाटते." मला दम लागला होता.

असो. राजकुमारच्या गाडीत नवी क्लच प्लेट बसवून दिली, तो आता माझ्याशी पुन्हा बोलतो. माझं तत्त्वतः मत अजून तेच आहे, की शास्त्र म्हणून पाहिलं तर गिअरची गाडीच श्रेष्ठ. आपण एष्टीचे माणूस, आपण याला दुजोरा द्याल याबद्दल शंका नाही. वहिनींना जय भीम, नातवंडांना गोड गोड पापा. उन्हात फिरू नये, कांदा जवळ ठेवावा.

आपला,
नागनाथ

ता. क. परवा उटनूरला जाऊन गाडी बुक केली. ऑटोमॅटिक. रंग निळा. टपरीवर हे अजून कोणाला सांगितलेलं नाही, तेव्हा तुमच्याकडून कोणाला कळू नये.

आणखी ता. क. खरं काम आता लिहितो. डोमाजीकाका काल येऊन गेले, पुढच्या साली गाडी कोण चालवणार असं विचारून गेले. मी दहा माणसांपुढे एवढं बोलून बसलो आहे, की 'पंचफुलाच चालवेल, मला नाचायचं आहे' हे माझ्या तोंडून निघणं अवघड. तरी तुम्ही मोठे भाऊ म्हणून, जुने ड्रायव्हर म्हणून, फोन करावा आणि बहिणीला हुकूम द्यावा, की मिरवणुकीची गाडी आता तूच चालवत जा, नागनाथरावांच्या पायाचा भरवसा नाही. मी मध्ये दोनदा हरकत घेईन. तिकडे लक्ष देऊ नये.

तिसरा ता. क. वरचा ता. क. रद्द समजावा. पाकीट बंद करायच्या आत पंचफुला बाजारातून आली. कडी काढायला उशीर झाला, तिनं पत्र पाहिलं, उभ्याउभ्या सगळं वाचलं, लाल पेनानं चुका दुरुस्त केल्या (त्या तुम्हाला दिसतीलच) आणि खुर्चीवर बसून म्हणाली, "तुमी नाचत होते तवा मी आरशातून पाह्यत होती. सगळ्या बाया नाचून राह्यल्या होत्या. मले बी नाचायचं होतं हो." एवढंच म्हणाली आणि भाजी निवडायला घेतली. दादा, मला खाली मान घालून बसावं लागलं. तेव्हा आता आमच्या दोघांचा मिळून एकच अर्ज आहे. पुढच्या जयंतीला तुम्ही नार्नूरला या आणि गाडी चालवा. वहिनींनाही आणा. आणि पंचफुला म्हणते, वहिनी जर तोवर गाडी शिकायला तयार झाल्या, तर तुम्हीही खाली उतरा.